ओव्हरक्लॉक केला पण पीसी काही पळत नाही? व्होल्टेज वाढवायच्या आधी हे करून बघा

स्वतः पार्ट जोडून पीसी उभा केला, अनलॉक्ड, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवता येणारा (यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात) प्रोसेसर घेतला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन मल्टिप्लायर (ज्या आकड्याने बेस क्लॉकला गुणून प्रोसेसरचा वेग, म्हणजे क्लॉक, ठरतो तो) वाढवला, विंडोज नीट सुरू झालं म्हणून छाती फुगली आणि मग बेंचमार्क लावला तर स्कोर आधीपेक्षा कमी! माझं अगदी हेच झालं होतं. प्रोसेसर आय५-१२६००के, सगळे मोठे कोर एकदम लोडवर असले की स्टॉकला (कारखान्याच्या सेटिंगला) ४.५ गिगाहर्ट्झवर चालायचे, ते मी ५.० वर नेले. सिनेबेंच आर२३ चा स्कोर स्टॉकला १७,४०० च्या आसपास यायचा तो १६,६०० वर आला. मला वाटलं व्होल्टेज कमी पडतंय, म्हणून १.३० चं १.३३ केलं, मग १.३६, आणि दर वेळी स्कोर अजून खाली. औषध वाढवावं तसा ताप वाढत होता. तीन रविवार असे घालवल्यावर कळलं की व्होल्टेजचा प्रश्न नव्हताच, एक वायर चुकीच्या पिनांवर लावली होती आणि लावणारा मीच. ती भानगड पुढे सांगतो.

ओव्हरक्लॉक मनासारखा झाला नाही की हात आपोआप व्होल्टेजकडे जातो आणि बरेचदा तिथेच घोळ वाढतो. आधी प्रोसेसरला कोण अडवतंय ते शोधायचं, सेटिंगला हात नंतर. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, उड्या मारू नका.

काय काय लागेल

- एचडब्ल्यूइन्फो, तापमान, व्होल्टेज, क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, उघडताना फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडा. हे एक सॉफ्टवेअर नीट वाचता आलं तर अर्धं काम झालं.
- सिनेबेंच आर२३, स्कोर मोजायला.
- प्राइम९५ किंवा ओसीसीटी, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून छळायला.
- मेमटेस्ट८६ टाकलेला एक पेनड्राइव्ह, रॅम तपासायला.
- मदरबोर्डचं मॅन्युअल, पीडीएफ चालेल पण ती फोनवर ठेवा, कारण लागेल तेव्हा पीसी बंद असणार आहे.
- थर्मल पेस्ट. कूलर एकदा काढला की जुनी पेस्ट पुसून नवीन लावावीच लागते.
- वही आणि पेन. हसू नका, चौथ्या रीस्टार्टनंतर आपण काय बदललं होतं ते कोणालाच आठवत नाही.

आणि हो, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, इंटेलही नाही आणि एएमडीही नाही. ते मान्य असेल तरच पुढे वाचा.

१. तुमच्या जोडीला ओव्हरक्लॉक जमतो का ते बघा

वेडगळ वाटेल पण हे आधी तपासा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर (केएफ, केएस पण चालतात) आणि झेड सिरीजचा बोर्ड, दोन्ही लागतं. के प्रोसेसर बी६६० किंवा बी७६० बोर्डावर लावला तर रॅमचा स्पीड वाढवता येईल, कोरचा मल्टिप्लायर नाही. रायझनमध्ये बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात पण ए३२०, ए५२०, ए६२० या बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी५५०, बी६५० किंवा एक्स सिरीज लागते. रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर लॉकच असतो, त्यामुळे तो वाढत का नाही म्हणून डोकं धरून बसू नका.

बीसीएलके, म्हणजे तो १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक, वाढवून पळवाट काढायच्या फंदात नवशिक्याने पडू नये. बऱ्याच बोर्डांवर त्याच्याबरोबर पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉकही हलतो आणि मग एसएसडीवरचा डेटा खराब व्हायची वेळ येते. उलट तो ९९.८ दिसतोय आणि त्यामुळे ५००० ऐवजी ४९९० मेगाहर्ट्झ येतंय, यात काही बिघाड नाही, स्प्रेड स्पेक्ट्रम नावाचं सेटिंग चालू असतं म्हणून तसं दिसतं.

२. सगळं स्टॉकवर न्या आणि आकडे लिहा

बायोसमध्ये लोड डिफॉल्ट्स करा. एक्सएमपी किंवा एक्स्पोसुद्धा (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) बंद, रॅम आत्ता तिच्या मूळ संथ स्पीडला राहू दे. मग सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि स्कोर, सर्वात जास्त तापमान, लोडखालचे वॅट, लोडखालचं व्हीकोर (कोरचं व्होल्टेज) आणि क्लॉक एवढं वहीत उतरवा. हे आकडे नसतील तर "ओव्हरक्लॉक फसला" हे आपण कशाच्या जोरावर म्हणतोय?

इथे एक चकवा आहे. काही बोर्डांवर डिफॉल्टलाच मल्टीकोर एन्हान्समेंट किंवा तत्सम नावाचं सेटिंग चालू असतं आणि पॉवर लिमिट मोकळं सोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्याला स्टॉक समजताय तो बोर्डवाल्याने आधीच अर्धा पळवलेला प्रोसेसर आहे, त्यावर तुम्ही अजून काय वाढवणार? आधी ते बंद करून मोजा, मग चालू करून मोजा.

पीसी स्टॉकवरच क्रॅश होत असेल तर इथेच थांबा, ओव्हरक्लॉक विसरा. खास करून इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बायोस अपडेटमधून दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात तेव्हा व्हिडिओ मेमरी संपली असा एरर येतो, ग्राफिक्स कार्डची मेमरी मात्र रिकामी असते, हे त्याचं ठरलेलं लक्षण. बायोस अपडेट करा, तरी थांबलं नाही तर प्रोसेसर वॉरंटीत द्या. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही.

३. तक्रार नेमकी कुठली ते ठरवा

"ओव्हरक्लॉक नीट होत नाही" हे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. यातली तुमची कुठली ते ठरवा:

अ) क्लॉक लावलाय ५.० पण लोड आला की खाली घसरतो. पायरी ४ आणि ५.

आ) क्लॉक स्क्रीनवर टिकतो पण स्कोर वाढत नाही किंवा कमीच होतो. पायरी ४ वाचा, आणि रायझन असेल तर ८ नक्की.

इ) हँग, ब्लू स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट. पायरी ६ आणि ७.

ई) बेंचमार्कमध्ये वाढ दिसते पण गेममध्ये काही फरक नाही. थेट १० वर जा, तिथे वाईट बातमी आहे.

क्लॉक बघायला टास्क मॅनेजर वापरू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोर क्लॉकच्या खाली इफेक्टिव्ह क्लॉक म्हणून वेगळ्या ओळी असतात, कोर खरोखर किती काम करतोय ते त्यात कळतं. पूर्ण लोडवर कोर क्लॉक ५००० आणि इफेक्टिव्ह ४९८० असेल तर उत्तम. ५००० आणि ४६५० असेल तर तो ५००० चा आकडा नुसता पाटीवर लिहिलेला आहे.

४. अडवतंय कोण ते शोधा

प्रोसेसर स्वतःहून खाली येतो तेव्हा कारण नोंदवून ठेवतो, आपण बघत नाही एवढंच. इंटेलवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये परफॉर्मन्स लिमिट रीझन्स नावाचा भाग आहे, तिथे प्रत्येक कारणासमोर येस किंवा नो असतं. सिनेबेंच चालू करा, दोन मिनिटांनी सेन्सरचे आकडे रीसेट करा आणि मग बघा, कारण सुरुवातीच्या क्षणी एखादं येस असंच लागून जातं.

थर्मल येस असेल तर गरमी, पायरी ५.

पॉवर लिमिट येस असेल तर पीएल१ किंवा पीएल२ आडवं येतंय. पीएल२ म्हणजे थोडा वेळ चालणारी वॅटची मर्यादा आणि पीएल१ म्हणजे कायमची. १२६००के ला इंटेलचे आकडे १२५ आणि १५० वॅट आहेत, आणि ५.० ला तो सिनेबेंचमध्ये त्याच्या वर सहज जातो, मग मल्टिप्लायर काहीही लावा, १५० वॅटला बांधलेला प्रोसेसर तेवढ्यात बसेल एवढाच क्लॉक देणार. ही मर्यादा बायोसमध्ये वाढवता येते पण कूलरची ताकद बघून वाढवा, ४०९५ टाकून मोकळं सोडून देऊ नका.

करंट किंवा ईडीपी येस असेल तर अँपिअरची मर्यादा, ती वेगळ्या सेटिंगमध्ये असते. व्हीआर थर्मल येस आलं तर प्रोसेसर बिचारा ठीक आहे, बोर्डावरचं पॉवर सर्किट तापलंय. साध्या बोर्डावर, ज्याच्या या सर्किटवर (व्हीआरएम) हीटसिंकच नाही, तिथे हे हमखास होतं. सॉकेटच्या शेजारी हवा लागेल असा एक पंखा तात्पुरता धरून बघा, क्लॉक टिकायला लागला तर गुन्हेगार सापडला.

रायझनवर याच जागी पीपीटी (वॅटची), टीडीसी (सलग करंटची) आणि ईडीसी (क्षणभराच्या करंटची) या तीन मर्यादा टक्क्यांत दिसतात, जी १०० ला टेकलेली असेल ती अडवतेय. एएम४ सॉकेटवरच्या १०५ वॅटवाल्या प्रोसेसरला पीपीटी १४२ वॅट असते आणि ६५ वॅटवाल्याला ८८, म्हणजे डब्यावर लिहिलेला आकडा आणि खरी मर्यादा यात फरक असतो, तेव्हा डब्यावर ६५ आणि स्क्रीनवर ८८ बघून दचकू नका.

आणि यातलं काहीच येस नसेल, क्लॉक तरीही ठरावीक २०० किंवा ३०० ने कमी दिसत असेल, तर एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर किती कमी करायचा तो आकडा) बघा. ते २ असेल तर एव्हीएक्स वापरणाऱ्या प्रोग्रामला ५० चा मल्टिप्लायर ४८ होतो. ऑटोवर असताना काही बोर्ड ते गुपचूप लावतात.

५. गरमी: माझे तीन रविवार इथे गेले

तापमान किती आहे यापेक्षा ते कसं चढतं ते बघा. लोड लावल्या लावल्या एकदोन सेकंदांत ९५-१०० ला गेलं तर कूलर आणि प्रोसेसरचा संपर्कच नीट नाही. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय, पेस्ट अर्ध्यावरच लागलीये, किंवा एका बाजूचे स्क्रू घट्ट आणि दुसरे सैल. स्क्रू नेहमी तिरपे, समोरासमोर, थोडे थोडे करून आवळायचे. कूलर काढल्यावर पुसायची घाई करू नका, आधी पेस्टचा ठसा बघा. कोपऱ्यात पेस्ट जाड आणि मधे पातळ असेल तर ठीक, एका बाजूला जाड थर तसाच पडून असेल तर ती बाजू टेकलेलीच नव्हती.

तापमान सावकाश चढत पाचसात मिनिटांनी वर जात असेल तर संपर्क ठीक आहे, उष्णता बाहेर पडत नाहीये. एक सोपी चाचणी: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि परत चालवा. पाच अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर हवा खेळत नाहीये, एखादा पंखा उलटा तर बसवला नाही ना ते बघा. पंख्याची जी बाजू चौकटीने आणि मधल्या आडव्या दांड्यांनी झाकलेली असते, तिकडून हवा बाहेर पडते.

आता माझी भानगड. माझा कूलर पाण्याचा. तापमान पहिली दोन मिनिटं ८० च्या घरात, मग हळूहळू चढत १०० ला टेकायचं आणि क्लॉक ४.४ पर्यंत पडायचा, म्हणजे स्टॉकपेक्षाही खाली. पेस्ट दोनदा बदलली. शेवटी वैतागून टेस्ट चालू असताना रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या हातात धरल्या, तर एक चांगली गरम आणि दुसरी जेमतेम कोमट. पाणी नीट फिरत असेल तर दोन्ही नळ्यांत एवढा फरक हाताला जाणवायला नको. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पंपाचे आरपीएम बघितले तर हजारच्या आसपास. पंपाची वायर मी पंपाच्या पिनांवर लावायच्या ऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांवर लावली होती आणि त्या पिनांचा वेग बोर्डाच्या तापमानावर ठरत होता. बोर्ड गारच होता, मग तो पंपाला कशाला पळवतोय! वायर शेजारच्या पिनांवर लावली, बायोसमध्ये पंप कायम १०० टक्के केला आणि तेच सेटिंग, तोच व्होल्टेज, तापमान ८६ ला थांबलं.

त्यामुळे पाण्याचा कूलर असेल तर सगळ्यात आधी पंपाचे आरपीएम बघा. पंख्यांचा आवाज येतोय म्हणजे पंप चालतोय असं नाही.

मर्यादा माहीत असू द्या: इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १०० अंश, रायझन ७००० मधल्या एक्सवाल्यांची ९५. रायझन ७००० पूर्ण लोडला ९५ पर्यंत मुद्दामच जातो, तसंच डिझाइन आहे, तो आकडा बघून घाबरायचं नाही. पण तिथे पोचला म्हणजे वाढायला जागा उरली नाही एवढं समजायचं.

६. आता व्होल्टेज, पण हिशोब करून

प्रोसेसरची उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. माझंच उदाहरण घ्या, ४.५ चे ५.० म्हणजे क्लॉक ११ टक्के वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.२० चं १.३५ केलं तर १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग साधारण १.२७, गुणिले १.११ म्हणजे १.४१. अकरा टक्के स्पीडसाठी चाळीस टक्के जास्त उष्णता! म्हणून व्होल्टेज हे शेवटचं हत्यार.

व्होल्टेज ऑटोवर ठेवून मल्टिप्लायर वाढवायचा हा सगळ्यात कॉमन घोटाळा. बोर्डाला फक्त पीसी चालू राहण्याशी मतलब असतो, तो ऑटोमध्ये गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज ओततो. तुमचा ओव्हरक्लॉक गरमीमुळे फसला असेल तर व्होल्टेज कमी करून तो सुधारायची शक्यता चांगली आहे, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

दुसरं म्हणजे बायोसमध्ये टाकलेलं आणि लोडखाली मिळणारं व्होल्टेज एक नसतं. टाकलं १.३०, लोड आला की उरलं १.२१, याला व्हीड्रूप म्हणतात. ही घसरण भरून काढायला एलएलसी म्हणजे लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. त्याच्या पातळ्यांची नावं बोर्डागणिक उलटी असतात, काही ठिकाणी १ म्हणजे सगळ्यात कडक तर काही ठिकाणी ८ म्हणजे सगळ्यात कडक, त्यामुळे दुसऱ्याचं सेटिंग बघून आकडा लावायचा नाही, मॅन्युअल उघडायचं. सगळ्यात कडक पातळी लावू नका. लोड अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर टाकलेल्या आकड्याच्याही वर उडतं आणि ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मधली पातळी घ्या, लोडखाली थोडी घसरण होऊ दे, ती असावीच.

पद्धत अशी. मॅन्युअल व्होल्टेज टाका, मल्टिप्लायर एकाने वाढवा, दहा मिनिटं सिनेबेंच. पास झालं तर अजून एक. फेल झालं तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा. मग एक वेळ येते, आधीच्या १०० मेगाहर्ट्झला ०.०२ लागलं होतं आणि पुढच्या १०० ला ०.०७ लागतंय. तिथून मागे फिरा. प्रत्येक चिपची ही जागा वेगळी असते, दुसऱ्या कोणाचा तोच प्रोसेसर ५.२ ला चालतो म्हणून तुमचा चालेलच असं नाही, नशिबाचा भाग आहे आणि त्यावर उपाय नाही.

७. क्रॅश वाचायला शिका

ब्लू स्क्रीनवरचा कोड वाचत बसण्यापेक्षा फोनने फोटो काढा. व्हीआ (WHEA, विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) अनकरेक्टेबल एरर (०एक्स१२४) किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट (०एक्स१०१) असेल तर बहुतेक वेळा कोरला व्होल्टेज कमी पडतंय. मेमरी मॅनेजमेंट किंवा आयआरक्यूएल असं काही असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. प्राइम९५ मध्ये एखादा वर्कर एरर देऊन थांबला आणि पीसी चालूच राहिला, तरी ते फेलच धरायचं, गणित चुकतंय म्हणजे उद्या तुमची फाइल चुकेल. स्क्रीन न येता पीसी धाडकन पूर्ण बंद झाला तर पॉवर सप्लायचं संरक्षण पडलं असेल किंवा तापमान हाताबाहेर गेलं असेल. सॉकेटजवळची आठ पिनांची वायर नीट बसलीये ना तेही बघून घ्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक त्यालाच कारण समजतात. ते फक्त एवढंच सांगतं की पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला, जे आपल्याला माहीतच आहे. त्याच्या आसपास व्हीआ-लॉगरची नोंद आहे का ते शोधा. १८ नंबर म्हणजे पीसी पाडणारी चूक, १९ म्हणजे चूक झाली पण सुधारली गेली. पीसी दिवसभर चालतोय आणि १९ च्या नोंदी जमतायत, असा ओव्हरक्लॉक स्थिर समजू नका.

बायोसमध्येच जाता येत नसेल तर घाबरू नका. पीसी बंद करून वायर काढा, मॅन्युअलमध्ये क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसायच्या) पिना कुठे आहेत ते बघून त्या जोडा, किंवा सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. फक्त डीडीआर५ असेल तर आधी थोडा धीर धरा, सेटिंग बदलल्यावर रॅमचं ट्रेनिंग चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मेला समजून मधेच बटण दाबणारे बरेच आहेत.

८. रायझनवाल्यांसाठी

रायझनला सगळ्या कोरांना एकच मल्टिप्लायर लावला की त्याचं स्वतःचं बूस्ट (गरजेनुसार आपोआप क्लॉक वाढवणं) बंद होतं. ५८००एक्स एका कोरच्या कामात ४.७ पर्यंत जातो, तुम्ही सगळ्या कोरांना ४.६ लावलं तर सिनेबेंचचा मल्टीकोर स्कोर थोडा वाढेल पण सिंगल कोर कमी होईल आणि रोजच्या वापरात पीसी उलट मंद वाटेल. एक सापळा अजून: स्टॉकला हलक्या कामात व्होल्टेज १.४ च्या वर दिसतं, ते नॉर्मल आहे, पण ते बघून "म्हणजे १.४५ चालतं" असं ठरवून फिक्स करू नका. ते एकदोन कोरांना क्षणभर मिळणारं व्होल्टेज आहे, आठही कोर लोडवर असताना कायमचं द्यायचं नाही.

त्यापेक्षा पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा टाकला की तेवढ्याच क्लॉकला कमी व्होल्टेज लागतं आणि वाचलेल्या गरमीत प्रोसेसर आपणहून वर जातो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोरांना उणे ३० टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण सगळ्यात चांगले कोर आधीच काठावर पळत असतात, त्यांना तेवढं झेपत नाही. आणि गंमत म्हणजे असा पीसी फुल लोडला दोन तास टिकतो आणि नुसतं ब्राउझर उघडं असताना रीस्टार्ट होतो, कारण कोर सर्वात वरच्या क्लॉकला हलक्या कामातच जातो. म्हणून इथे कोअरसायक्लरसारखं एकेक कोर वेगळा तपासणारं टूल लागतं, रात्रभर लावून झोपा.

क्लॉक वाढलेला दिसतोय पण स्कोर कमी, असं झालं तर इफेक्टिव्ह क्लॉक बघा. व्होल्टेज फारच कमी पडलं की रायझन क्रॅश न होता क्लॉक ताणतो, मग पाटीवर ४.८५ आणि काम ४.६ चं.

९. रॅम सगळ्यात शेवटी

प्रोसेसर स्थिर झाल्यावरच एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. दोन्ही एकदम केलं तर क्रॅश कोणामुळे झाला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चालू केल्यावर मेमटेस्ट८६ चा पूर्ण फेरा होऊ द्या, एक जरी एरर आला तरी स्पीड एक पायरी खाली. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. शेजारी शेजारी लावल्या तर सिंगल चॅनेलवर चालायची शक्यता असते, आणि तसं झालं तर प्रोसेसर कितीही पळवा, गेममध्ये तो रॅमची वाट बघत बसणार.

१०. गेममध्ये फरक का पडत नाही

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. तो ९७-९९ टक्के असेल तर काम ग्राफिक्स कार्डपाशी तुंबलंय, प्रोसेसर आधीच मोकळा बसलाय, त्याला अजून वेगवान करून काय मिळणार? खात्री करायची तर रिझोल्यूशन एकदम कमी करून बघा. तिथे एफपीएस वाढले तर ओव्हरक्लॉक चालतोय, फक्त तुमच्या नेहमीच्या सेटिंगला तो उपयोगी पडत नाही.

अपेक्षाही जरा तपासा. १९९८ चा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ ची १०० केली की ४५० ला पळायचा, पन्नास टक्के वाढ! २०११ चा आय७-२६००के टर्बोमध्ये ३.८ चा, आणि तो साडेचारला नेणं फार अवघड नव्हतं. त्या काळच्या गोष्टी ऐकून आपण आज बसतो आणि आजचा प्रोसेसर कारखान्यातूनच जवळजवळ पूर्ण पिळून येतो, आय९-१४९००के तर डब्यातूनच ६.० पर्यंत जातो. आपल्यासाठी उरतात ते पाचसात टक्के, हात चांगला लागला तर दहा.

माझा आता ४.९ वर आहे, लोडखाली १.२४ व्होल्ट, तापमान ७४-७५, स्कोर १८,७०० च्या आसपास. ५.० पण चालतो, पण त्या शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी दहाबारा अंश आणि पंख्यांचा घूंघूं आवाज सहन करायचा, नको वाटलं. सेटिंग जमलं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि शिवाय प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा, कारण बायोस अपडेट केला की सेव्ह केलेली प्रोफाइल बहुतेक वेळा उडतात. माझी दोनदा उडाली, दुसऱ्या वेळी फोटो होते.